दोन झाकणं

मुंजाबा गेला, तरी कस्तुराबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. वस्तीतल्या बायांना याचं नवल वाटलं. नवल कसलं, रागच आला म्हणा. रडायला आलेल्या बाईला घरधनीणच रडत नसली की पंचाईत होते. आपण कुठवर गळा काढायचा हे कळत नाही. कुणी म्हणालं, धक्का बसलाय. कुणी म्हणालं, हिचं काळीज मेंढरं विकली त्याच दिवशी वाळलं. म्हणू द्या. म्हणणाऱ्याच्या तोंडाला कुणी हात लावायचा? ती आपली पत्र्याच्या भिंतीला टेकून बसायची. कुणी पाणी दिलं की प्यायची, कुणी ऊठ म्हणालं की उठायची. दात काढल्यावर गाल बधिर होतो, आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं.

त्या बधिरपणाच्या तळाशी एक गोष्ट मात्र जागी होती आणि ती तिला एकटीलाच ठाऊक होती. नवऱ्याला साखरेच्या आजारावर रोज एक गोळी द्यायची होती, आणि ती दोन देत होती. चुकून नव्हे. जाणूनबुजून, त्याच्या भल्यासाठी, डोळ्यांत तेल घालून.

हे कसं झालं ते समजायचं तर आधी मेंढरं समजली पाहिजेत. पिशोरच्या रानात असताना कळप मुंजाबा चारायचा, पण औषधपाणी सगळं कस्तुराबाईकडं. जंताचं औषध ढोरांच्या दवाखान्यातून फुकट मिळायचं. मेंढराला एक झाकण पाजा, असं तिथले डॉक्टर सांगायचे. पण तिच्या सासूनं लग्नाच्या नव्या नवलाईतच तिला बजावून ठेवलं होतं, की फुकटचं औषध पातळ असतं. सरकार वरून घट्टच धाडतं, वाटेत त्यात पाणी पडतं. ते एक झाकण म्हणाले की आपण दोन पाजायची. तेच औषध बाजारातून पैसे मोजून आणलं असलं तर एकच. आसपासच्या सगळ्या धनगरवाड्यांत हाच रिवाज होता आणि त्यानं कधी मेंढरू दगावलं नाही. कस्तुराबाई डाव्या हातानं मेंढराचा जबडा असा अलगद उघडायची आणि गालाच्या कोपऱ्यात औषध असं सोडायची, की जनावराला ठसका लागत नसे. कस्तुराच्या हाताला गुण आहे म्हणून दुसऱ्याच्या कळपालासुद्धा औषध पाजायला तिला बोलावणं यायचं. एवढी एकच गोष्ट आयुष्यात तिला मिरवायला मिळाली होती.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. चारा नाही, पाणी नाही, आणि विकायला काढलेल्या मेंढरांना गिऱ्हाईकसुद्धा नाही. सगळ्यांनीच काढली होती ना. आल्या भावात देऊन टाकली आणि म्हातारा-म्हातारी पोराकडं शहराला आली. पोरगा अजिनाथ हर्सूलच्या पुढं सावंगीच्या अंगाला राहायचा, जिथं शेतं मोडून नुसते प्लॉट पडत होते. तो पाण्याचा टँकर चालवायचा. आता गंमत बघा. गावात पाणी नाही म्हणून शहरात यावं, तर शहरातही पाणी नाहीच. पण शहरात ते विकत मिळतं आणि वाहून न्यायला माणूस लागतो. नव्या इमारती उठत होत्या, त्यांत माणसं राहायला येत होती, आणि अजिनाथच्या टँकरला दिवसभर उसंत नसायची. दुष्काळावरच घर चालत होतं म्हणायला हरकत नाही.

मुंजाबाच्या तळपायाला काटा रुतल्याचं निमित्त झालं. जखम भरेना. रस्त्यावर नवाच काचेचा दवाखाना झाला होता, तिथं नेलं, तर साखर निघाली. डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली. ती गोळी लई महाग. बरं, दुसरीकडं विचारावं तर हर्सूलभर कुठल्याच मेडिकलात ती मिळेना. मिळायची ती फक्त त्या दवाखान्याच्या खालच्या दुकानात. असं का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. भाजीवाल्याशी आपण जुडीसाठी घासाघीस करतो, पण औषधाच्या दुकानात गेलो की गप्प उभं राहतो. घरात दुखणं असलं की भाव करायची लाज वाटते, आणि हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

मुंजाबा मोठा मानी गडी. पोराच्या कमाईला आपल्यामुळं भोक पडतंय हे बघून तो एक दिवसाआड गोळी खायला लागला. कस्तुराबाईनं ते पकडलं आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं. पण नुसतं रागावून गोळी थोडीच स्वस्त होते?

वाट काढली ती सुनेनं, ज्ञानेश्वरीनं. ती टी.व्ही. सेंटरच्या बाजूला दोन-तीन घरी स्वयंपाकाला जायची. तिथल्या एका बाईंनी तिला जेनेरिक औषधांचं दुकान सांगितलं. ज्ञानेश्वरी सासूला घेऊन गेली. दुकान हिमानी नावाच्या एका तरुण मुलीचं होतं; शिकलेली, चष्म्यातली, बोलायला गोड पण बोलणं आगगाडीसारखं. तिनं चिठ्ठी बघितली आणि तशाच गोळीचं पाकीट काढून समोर ठेवलं. किंमत ऐकून सासू-सुनेला वाटलं, ही थट्टा करतेय.

हिमानीनं मग दोघींना समजावून सांगितलं. पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. औषधाचं खरं नाव खाली बारीक अक्षरात असतं. औषध तेच असतं. महागाच्या पाकिटात नावाचा गाजावाजा, डॉक्टरांकडं बॅगा घेऊन फिरणारी माणसं, मधल्या एकेकाचा वाटा, असं सगळं चढत जातं आणि ते आजाऱ्याच्या खिशातून निघतं. काही कंपन्या तर एखाद्याच दुकानापुरतं नाव काढतात, म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडं जायलाच नको. म्हणून डॉक्टरांकडून खरं नाव लिहून मागायचं, किती मिलिग्रॅम ते बघायचं, चार दुकानांत भाव विचारायचा, आणि बदलायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घालायचं. रोज घेत होता तशीच एक, जेवणाबरोबर, असंही ती म्हणाली. पण ते शेवटी म्हणाली, मागच्या गिऱ्हाइकाला पैसे परत देता देता. कस्तुराबाईनं मान हलवली. तिला मुलगी आवडली होती. मान हलवणं म्हणजे समजणं नव्हे, हे त्या मुलीला तरी कसं कळावं.

डॉक्टरांच्या कानावर घालायचं म्हणून कस्तुराबाई दुसऱ्या दिवशी एकटीच काचेच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर नव्हते. खालच्या दुकानातल्या माणसानं तिच्या हातातलं पाकीट बघितलं आणि त्याचं तोंड कडू झालं.

"घ्या की तिथलं. आमचं काय जातंय?" तो म्हणाला. "पण ते हलकं असतं, मावशी. अर्धाच गुण येतो. उद्या पाय कापायची पाळी आली तर आमच्याकडं येऊ नका."

एवढंच बोलला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. तो माणूस आजही तिथंच बसलेला असेल, दात कोरत. पण कस्तुराबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तरीच! तरीच ते एवढं स्वस्त! मुलगी खोटं बोलली असं नव्हे. औषध तेच असणार, फक्त पातळ. अर्धा गुण येतो ना, मग दोन द्यायच्या, झालं. दोन दिल्या तरी महागाच्या एकीपेक्षा कितीतरी स्वस्त पडत होत्या. घरी येताना तिला वाटलं, आपण शहरात आल्यापासून पहिल्यांदा आपल्या अकलेचं काहीतरी झालं. तिनं कुणाला सांगितलं नाही. औषधपाणी तिचंच खातं होतं, त्यात विचारायचं काय?

पहिले काही दिवस बरे गेले. मुंजाबा पोटभर जेवत होता, दोन गोळ्या पचत होत्या. जखमेवर खपली धरली, तो वस्तीच्या तोंडापर्यंत जाऊन येऊ लागला. आपल्या हाताला अजून गुण आहे, असं कस्तुराबाईला वाटलं.

मग वैशाखातला तो दिवस. पत्रे तापले होते. मुंजाबानं भाकरी मोडलीच नाही. तोंडाला चव नाही म्हणाला, नुसतं पाणी प्याला. गोळी चुकवायची नाही म्हणून तिनं दोन्ही गोळ्या त्याला दिल्या. दुपारी त्याला घाम फुटला. त्या उन्हात घाम कुणाला येत नव्हता? हात कापायला लागले, तो बसल्या जागी काहीबाही बोलू लागला, नसलेल्या मेंढरांना हाकलू लागला. मग मध्येच शुद्धीवर आल्यासारखा तिच्याकडं बघून म्हणाला, "कस्तुरा, गुळाचा खडा दे."

गूळ वर फळीवर डब्यात होता. साखर निघाली त्या दिवसापासून तिनं तो फडक्यात गच्च बांधून ठेवला होता, कारण म्हाताऱ्याला गुळाच्या चहाचं भारी वेड. तिनं नाही म्हटलं. डॉक्टरनं गोडाला शिवू नका सांगितलंय, असं समजावलं. त्यानं पुन्हा मागितला, लहान लेकरानं मागावा तसा, हात पुढं करून. तिनं त्या हातात पाण्याचा तांब्या दिला. थोड्या वेळानं तो आडवा झाला आणि झोपला, तेव्हा तिला बरंच वाटलं. निजला की मागायचं थांबेल.

दिवस कलता अजिनाथ आला तेव्हा मुंजाबा उठवल्यानं उठेना. टँकरच्याच केबिनीत घालून त्याला घाटीत, मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरणीनं लगोलग रक्त तपासलं, सुई लावली आणि विचारलं की यांना साखरेच्या गोळ्या किती देत होता. कस्तुराबाईनं तोंड उघडलं होतं. पण अजिनाथ तिच्या आधी बोलला. एकच, सकाळी, माय देती, म्हणाला. डॉक्टरणीनं सांगितलं की साखर पार खाली गेली होती, आणि लई वेळ खाली राहिली. जेवण झालं नसेल तर असं होतं. घाम, थरथर, बरळणं दिसलं की चटकन साखर नाहीतर गूळ तोंडात घालायचा असतो; पुढच्या वेळी ध्यानात ठेवा. ती भली बाई होती, तिनं 'पुढच्या वेळी' म्हटलं. कस्तुराबाई तिथं उभी होती आणि तिला एकेक शब्द नीट ऐकू आला. तेव्हापासून तिला दुसरं काही ऐकू येईना. मुंजाबा शुद्धीवर न येताच गेला.

तेरावा होईस्तोवर अजिनाथ गप्प होता, आणि त्या गप्प राहण्यात त्यानं सगळा हिशोब मनाशी जुळवला होता. महागाची गोळी होती तोवर आबा धड होते. स्वस्तातली आणली आणि गेले. म्हणजे गोळीच खोटी. त्यानं ते वस्तीत सगळ्यांना सांगितलं. ज्ञानेश्वरीला तर तो असं बोलला, की ती पोर दोन दिवस जेवली नाही. तूच नेलंस ना मायला तिथं, म्हणाला. वस्तीतल्या ज्यांनी ज्यांनी तिच्या सांगण्यावरून तिथली औषधं आणली होती, त्यांनी ती उकिरड्यावर टाकली. शेजारच्या मुक्ताबाईनंसुद्धा टाकली. मुक्ताबाई एकटी, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकून पोट भरणारी; तिलाही साखरच होती. स्वस्तातली भीतीनं टाकली आणि महागाची आणायची ऐपत नाही, म्हणजे ती काहीच घेत नव्हती. तिचे डोळे अंधुक झाले होते. ओट्यावर बसून ती कस्तुराबाईला म्हणायची, बरं झालं बाई वेळेवर कळलं, नाहीतर माझंबी मुंजाबासारखंच झालं असतं. कस्तुराबाई ऐकून घ्यायची.

बोलायचं कसं? बोलली तर पोराला बाप कुणाच्या हातून गेला ते कळणार. आधी बाप गेला, आता आईही जायची. नाही बोलली तर सून मेल्याहून मेली आणि मुक्ताबाई आंधळी. दोन्हींकडं विहीरच. तिला यातलं सगळं समजत होतं, पण समजून काही वाटत नव्हतं. बधिर माणसाला चटका बसतो, पण हात मागं घ्यायचं सुचत नाही.

एके दिवशी सकाळी अजिनाथनं भरलेला टँकर दारात आणला. मायला बस म्हणाला, मुक्ताबाईलाही बस म्हणाला. त्या गोळ्यांच्या दुकानवालीला तुमच्यासमोर विचारतो, म्हणाला, आणि कबूल नाही झाली तर टँकर तिच्या दुकानात रिकामा करतो. सगळ्या खोट्या गोळ्या भिजून चिखल होऊ देत. ज्या पाण्यासाठी हंड्यांची रांग लागायची ते पाणी. पण राग आलेल्याला पाणी काय आणि आग काय.

हिमानी दुकान नुकतंच उघडून उभी होती. अजिनाथनं खिशातून ते उरलेलं पाकीट काढून तिच्यासमोर आदळलं आणि या गोळीनं माझा बाप मेला असं सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं. मुलीचा रंग उडाला. तरी तिनं पाकीट उचललं, उलटसुलट केलं, आपण ते कधी विकलं ते आठवलं, म्हातारा कधी गेला ते विचारलं. रोज एक गेली असती तर त्यात बऱ्याच गोळ्या उरायला हव्या होत्या. तिनं वर बघितलं, अजिनाथकडं नाही, त्याच्या मागं उभ्या म्हातारीकडं.

"गोळ्या कोण देत होतं?" तिनं हळूच विचारलं.

माय, अजिनाथ म्हणाला. एक, रोज सकाळी.

हिमानीला समजलं. पाकीट मुठीत धरून तशीच उभी राहिली. तिनं तोंड उघडलं असतं तर तिचं दुकान वाचत होतं, पण म्हातारीकडं बघून ते उघडेना, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. अजिनाथला वाटलं, चोरी सापडली म्हणून वाचा बसली. तो वळला, टँकरचा जाड पाइप ओढत आणला, त्याचं तोंड उंबऱ्यावर टेकवलं आणि चावी फिरवायला मागं गेला.

कस्तुराबाई चालत त्याच्या मागं गेली आणि चावीवरच्या त्याच्या हातावर तिनं आपला हात ठेवला.

"पाणी सोडू नको, अजिनाथ. गोळीत खोट नाय. म्या दोन देत व्हते."

त्याला कळलंच नाही. दोन काय, असं त्यानं विचारलं.

"गोळ्या. रोज दोन. स्वस्तातली हलकी असती म्हणून. मेंढराला दोन झाकणं पाजायचो, तसं." किती वाजले ते सांगावं तशा आवाजात ती बोलत होती. "त्या दिवशी त्यांनी भाकरी खाल्ली नाय, तरी दोन दिल्या. मग गूळ मागत व्हते. दोनदा मागितला. त्यो बी म्या दिला नाय."

रस्त्यावर रिक्षा चालल्या होत्या, समोरचा चहावाला दूध उकळत होता. अजिनाथ आईकडं बघत राहिला. मग त्यानं चावीवरचा हात काढला आणि खाली बसून पाइप गुंडाळायला लागला, रोज गुंडाळायचा तसाच, कुठं पीळ पडू नये याची काळजी घेत.

हिमानी आतल्या स्टुलावर बसली होती आणि चष्मा काढून डोळे पुसत होती. मी तुम्हाला नीट विचारायला हवं होतं आजी, असं काहीतरी ती म्हणाली. कस्तुराबाईनं मान हलवली, मागच्या वेळी हलवली होती तशीच.

मुक्ताबाई एवढा वेळ खांबाला धरून उभी होती. ती घाबरत घाबरत पुढं झाली. मग आता मी गोळी घ्यायची का नाही, तिनं विचारलं. आणि विचारलं कुणाला, तर हिमानीला नाही, कस्तुराबाईला. हिमानी उठून सांगायला लागली, पण कस्तुराबाईनं तिला हातानंच थांबवलं.

"घे. एकच घ्यायची, मुक्ताबाई. औषध पुरं हाये, पातळ नाय. भाकरी खाऊन घ्यायची. आन घाम सुटला, हात कापले, तर गूळ खायचा. कुणी नको म्हणलं तरी खायचा."

हिमानीनं मुक्ताबाईचे डोळे बघितले, आधी घाटीत दाखवून या म्हणाली आणि तिच्या जुन्या चिठ्ठीवरचं पाकीट बांधून दिलं. मुक्ताबाईनं ते पदराच्या गाठीत ठेवलं आणि घाटीची रिक्षा धरली.

परतीच्या वाटेवर केबिनीत दोघंच होती. मागं टाकीत पाणी हिंदकळत होतं. कस्तुराबाई काचेतून समोर बघत होती, अजिनाथ रस्त्याकडं. आपल्याला तो घरी नेतोय की पिशोरच्या गाडीत बसवून देतोय, याचा तिला अंदाज येईना, आणि कुठंही नेलं तरी तिची ना नव्हती. हर्सूलचा तुरुंग मागं पडला. त्यानं गाडी कडेला घेतली आणि उभी केली.

"दोन गोळ्यांचं म्या इसरंन, माय," तो म्हणाला. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. "तुला वाटलं भलं व्हईल. पर आबांनी गूळ मागितला व्हता, ते मला सांगायला नको व्हतं."

आणि तो एवढा बाप्या गडी स्टिअरिंगवर कपाळ टेकून हमसून रडायला लागला. कस्तुराबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. पुढच्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत होत्या. थोड्या वेळानं त्यानं गाडी पुन्हा सुरू केली.